पुढच्या सीटचं वजन

माझ्या गाडीच्या स्प्रिंगा मी कापून घेतल्या, तेव्हा घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? तेहतीस वर्षांचा, दहावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवणारा माणूस आपली धडधाकट गाडी मुद्दाम दोन इंच खाली बसवून आणतो, हे तोंड वर करून सांगण्यासारखं नव्हतंच. अनसिंगमध्ये माझा शिकवणीचा वर्ग आहे, लोक मला सर म्हणतात, आणि सर असले उद्योग करत नाहीत. पण मोबाइलवर तसल्या जमिनीला टेकलेल्या गाड्या बघून बघून ते माझ्या डोक्यात शिरलं होतं, आणि माझ्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट सहजासहजी बाहेर पडत नाही.

अकोल्याच्या एका गॅरेजवाल्यानं चारही स्प्रिंगांचे दीड-दीड आटे कापले. जुनी चारही चाकं बदल्यात ठेवून घेतली आणि पंधरा इंची रुंद अलॉय, त्यावर गुबगुबीत टायर बसवून दिले. गाडी दिसायला झकास झाली आणि वळणावर घासायला लागली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि तेव्हाच चाक खड्ड्यात गेलं की टायर वरच्या पत्र्याला लागायचा, खर्र करून. मी एकटाच असायचो. आवाज आला की गाणी मोठी करायचो. त्या वेळची माझी दुरुस्ती एवढीच.

मग बहिणीचा फोन आला.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मानोऱ्याच्या पलीकडे एका खेड्यात तिचं सासर, नवरा पुण्याला कंपनीत. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. आणि आमच्याकडे आठव्यात बाईला हलवत नाहीत, हेही ठरलेलं. आठवा लागायला सहा दिवस उरले होते.

"दादा, मले न्यायले तूच ये," ती म्हणाली. "दुसरी गाडी नोको करू. तुह्याच गाडीत येईन मी."

का, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दीड वर्षापूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचं एक गेलं होतं. त्याच्या दोन दिवस आधी ती मंगरूळपीरहून काळीपिवळीत बसून एका लग्नाला गेली होती, गाडीत अकरा माणसं, रस्ता उखडलेला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की असं धक्क्यानं होत नसतं, ते गर्भातच काही बरोबर नव्हतं. पण डॉक्टरचं कोण ऐकतं? सासरचे म्हणाले, काहून बसली त्या गाडीत? शेजारणी म्हणाल्या, कायले गेली त्या लग्नाले? आमची आईसुद्धा तेच म्हणाली, आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळा म्हणाली. तेव्हापासून घरात 'पोट' हा शब्दसुद्धा कुणी सहज उच्चारत नव्हतं.

भाड्याची गाडी करता आली असती. बाबा म्हणालेही, चांगली उंच गाडी पाहू, ड्रायव्हर ओळखीचा आहे. मी नाही म्हणालो. बहिणीनं माझ्यावर विश्वास टाकलाय, असं कारण सांगितलं. ते खरंच होतं. पण ज्या गाडीवर तिनं विश्वास टाकला तिचं मी काय करून ठेवलंय, हे मला उघडं पडू द्यायचं नव्हतं, हे कारण जास्त खरं होतं. ते मी आज लिहितोय. तेव्हा स्वतःशीही म्हटलं नाही.

नव्या स्प्रिंगा मागवायच्या तर दहा दिवस. कापलेल्या लोखंडाला आटे परत फुटत नाहीत. स्प्रिंगांमध्ये रबराचे बफर कोंबून गाडी उचलायचा एक उपाय होता, पण आमच्या फाट्यावरचा टायरवाला म्हणाला, "बफर टाकले तं स्प्रिंग दबतच नाही सर. मंग खड्डा सीधा पाठीत बसते. तुमी बाईमाणसाले आणून राह्यले, गहू नाही." म्हणजे हातात राहिलं ते एकच, टायर बदलणं.

टायरच्या अंगावर तीन आकडे असतात. पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा त्याच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचा, पण तो सरळ नाही, रुंदीच्या इतके टक्के असा. तिसरा रिंगचा, इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच, सगळं एका ओळीत! माझ्या वर्गात कुणी अशी एककं मिसळून उत्तर लिहिलं असतं तर मी वही भिरकावली असती. माझ्या गाडीवर होते एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा. ते जाडही होते आणि उंचही, म्हणून घासत होते. पर्याय दोन. एकशे पंच्याऐंशी-पासष्ट घ्यायचा, तो थोडा अरुंद आणि थोडा बुटका. नाहीतर एकशे पंच्याऐंशी-साठ, तो आणखी बुटका. बुटका टायर वर पत्र्याला लागत नाही. पण टायर बुटका झाला की गाडी आणखी खाली येते आणि स्पीडब्रेकरवर तळ घासतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

दोन दिवस मी व्यास आणि परीघ मांडत बसलो. वर्गातल्या फळ्यावरसुद्धा एकदा चुकून टायरच लिहिला. पोरं हसली, मी एकाला उगाच बाहेर काढलं. झोप लागत नव्हती. डोळे मिटले की खर्र ऐकू यायचं आणि त्या आवाजाच्या मागोमाग बहिणीचा चेहरा यायचा.

टायरवाल्याची मुलगी माझ्याकडे शिकायला येते, म्हणून त्यानं वाशीमहून दोन्ही मापांच्या जोड्या मागवल्या आणि म्हणाला, "लावून पाहा, जे जमन ते ठेवा. पण एक आयका सर. ही गाडी पुढून ओढते, पुढूनच वळते, ब्रेकचा मार बी पुढंच. मागचे चाकं नुसते संगं चालतात. जे काय पाहाचं ते पुढच्याचं पाहा."

ऐकलं मी. मान डोलावली. आणि केलं काय, ते आता सांगतो.

परीक्षा घ्यायची तर ओझं हवं, रिकामी गाडी सगळीच पास होते. हे बाबांचं म्हणणं. बाबा जन्मभर बाजार समितीत मापारी होते, शेतकऱ्यांचा माल काट्यावर तोलायचे. माणूस दारात उभा राहिला तरी त्याचं वजन आधी त्यांच्या डोळ्यांत भरतं, नाव मागून.

"तुही माय पंचावन," ते म्हणाले. "पोरगी आता सत्तरच्या घरात असन. साठाचे दोन कट्टे टाक, वरून एक पिशवी."

घरातले सोयाबीनचे दोन कट्टे आम्ही उचलून मागच्या सीटवर ठेवले, तिच्या सामानाच्या अंदाजानं एक लहान पोतं डिक्कीत टाकलं. ब्रेक मारल्यावर कट्टे पुढं येऊ नयेत म्हणून बाबांनी दोघांना सीटबेल्ट लावला. आई दारातून बघत होती.

"मले आन माह्या पोरीले पोतं समजून राह्यले का?" ती कडाडली.

"पोतं बरं," बाबा म्हणाले. "पोतं बोलत नाही."

त्या दिवसांत घरात हसू आलं ते एवढंच.

मग गावच्या कमानीजवळच्या स्पीडब्रेकरवर मी गाडी न्यायची आणि बाबांनी रस्त्याच्या कडेला पुढच्या चाकाजवळ वाकून, कानाला हात लावून ऐकायचं. बुटका टायर लावला तर तळ घासला, बाबांनी तोंड वाकडं केलं. दुसरा, पासष्टवाला लावला. सरळ नेली, तिरपी नेली, स्टिअरिंग पूर्ण फिरवून नेली. काही नाही. बाबांनी हात वर केला, काटा बरोबर उभा राहिला की ते करायचे तसा. मी खाली उतरून त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो.

पुढची डावी सीट रिकामी होती. आमच्या दोघांच्याही डोक्यात ती भरायची कल्पना आली नाही. येणार कशी? आमच्या घरातल्या बायका मागं बसतात. असा कुणी नियम केलेला नाही, पण पुढची सीट मोकळी असली, मागं चौघी दाटीवाटीनं असल्या, तरी आई मागचंच दार उघडते. आम्ही ओझं ठेवलं ते बायकांच्या जागी, आणि तिथं ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई निघालो. वाशीम, मंगरूळपीर, मानोरा. जाताना गाडी मुकाट चालली. आई अर्थात मागं. तिच्या शेजारी दोन उशा, एक पातळ गादी आणि लिंबांची पिशवी. तुरी फुलांवर होत्या, ऊन कोवळं होतं, पण माझं लक्ष फक्त डांबरावर. निघण्यापूर्वी पाचही चाकांची हवा मी दोनदा तपासली होती.

बहिणीची ओटी भरली. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "सावकाश न्या हो. मागच्या बारीसारखं होऊ नये." त्या वाईट बाई नाहीत. पण बहीण दोन पावलांवर उभी होती आणि तिनं ते ऐकलं.

मागच्या सीटवर गादी टाकून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती निजली. मानोरा मागं पडलं आणि दहा-बारा मिनिटांत ती उठून बसली. चेहरा पांढरा.

"दादा, थांबव. मांगं मले गरगरते. पुढं बसू दे."

"पुढं कायले?" आई म्हणाली. "पुढं माणसं बसतात. लिंबू हुंग."

"माय, ओकारी होईन मले."

मी तिला पुढं घेतलं. सीट जाईल तितकी मागं सरकवली, पाठ थोडी कलती केली. ती बसली तशी गाडी डाव्या अंगाला किंचित झुकली. मला ते कळलं. पण त्याचा अर्थ लागायला पुढचं वळण यावं लागलं.

वळण उजवीकडचं होतं, मधे खचलेला रस्ता. खर्र.

एका क्षणात सगळं गणित दिसलं. उजव्या वळणावर गाडी डावीकडं कलणार, कापलेली स्प्रिंग तिचं वजन पेलणार नाही, पत्रा खाली येणार आणि फिरणाऱ्या टायरवर टेकणार. आम्ही तपासलं ते मागचं ओझं. टायरवाल्यानं सांगितलं होतं पुढचं पाहा, आणि आम्ही पुढचं चाक पाहिलं, त्याच्यावर बसणारं माणूस पाहिलं नाही. जन्मभर वजन करणारा एक आणि जन्मभर गणितं घालणारा दुसरा, दोघांनी मिळून बहिणीला मागं बसवूनच उत्तर काढलं होतं.

"कायचा आवाज येऊन राह्यला?" तिनं विचारलं.

"काई नाही. खडी उडून राह्यली."

धडधडीत खोटं. तोंडातून निघून गेलं. तिला घाबरवायचं नव्हतं, असं मी म्हणेन. पण खरं सांगितलं असतं तर स्प्रिंगांचंही सांगावं लागलं असतं.

मी वेग कमी केला. तिसापर्यंत, मग विसापर्यंत. कापसाचा ट्रॅक्टर मागून आला आणि आम्हाला ओलांडून गेला. सरळ रस्त्याला काही नाही. वळण आलं, पुलाचा चढ आला, की खर्र. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता फुटणार. पुढचं चाक, ज्यानं गाडी ओढायची, ज्यानं वळवायची, तेच फुटलं तर गाडी कुठं जाईल? बाजूला तुरीचं वावर की समोरचा ट्रक? तिचा उजवा हात पोटावर होता. डाव्या हातानं तिनं खिडकीवरची पकड घट्ट धरली होती, बोटं पांढरी होईपर्यंत. जबडा आवळलेला.

"दुखते का?"

"नाही."

"बाळ हलते ना?"

तिनं नुसतं पोटाकडे पाहिलं. मागं आई डोळे मिटून पुटपुटायला लागली. मला राग इतका आला होता की कुणावर काढू कळत नव्हतं; गॅरेजवाल्यावर, रस्त्यावर, पुढं बसण्याचा हट्ट धरणाऱ्या बहिणीवरसुद्धा. हो, तिच्यावरही. तेही लिहून ठेवतो.

मग जळक्या रबराचा वास आला. मी एका कडुलिंबाखाली गाडी घेतली, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खाली उतरून डाव्या टायरवर हात फिरवला. बाजूची भिंत तासून निघाली होती. रबर गेलं होतं आणि आतले दोरे बोटाला लागत होते.

वर बहिणीनं दार उघडलं. पकड सोडली तेव्हा तिचा डावा हात थरथर कापत होता, खांद्यापासून.

"काय झालं हाताले?" मी विचारलं.

"वर धरून बसली होती," ती म्हणाली. "तेवढीच हलकी होईन म्हणून. माह्या वजनानं घासून राह्यलं ना, दादा?"

मी दोऱ्यांवरचा हात काढून घेतला.

"मी पुढं बसली तवापासून आवाज हाय. कळते मले. मागंच बसाले पाह्यजे होतं." आणि मग, खाली बघत, "मीच असं करतो दरवेळी."

असं आजवर मला कुणी मारलं नाही. ही बाई सात महिन्यांचं पोर पोटात घेऊन चाळीस मिनिटं एका हातावर स्वतःला तोलून बसली होती, कारण मला माझ्या गाडीची मिजास लपवायची होती.

"तुह्यानं नाही," मी म्हणालो. "माह्यानं. म्या स्प्रिंगा कापल्या. गाडी खाली दिसावी म्हणून, शौक म्हणून. खडी नोती, खोटं बोललो मी. या गाडीत कोणीबी पुढं बसलं असतं तं घासलंच असतं. तुह्यानं काईच नाही झालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडेल असं वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मायले आयकू येईन असं म्हण."

मागं आई होतीच, चार हातांवर. ऐकत होतीच. तरी मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, एकेक शब्द. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून बघायला लागला.

आई उतरली. बहिणीला धरून तिनं लिंबाच्या सावलीत गादीवर बसवलं, पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला, डाव्या कुशीवर निजवलं. मी जॅक लावला. डिक्कीत स्टेपनी म्हणून कंपनीचं जुनं चौदा इंची चाक होतं, अरुंद, बुटकं, काळं, दिसायला भिकार. ते बसवत मी गुडघ्यांवर होतो, पाठ त्या दोघींकडे. वळून बघायची माझी हिंमत नव्हती. नट आवळताना मागून आईचा आवाज आला, नेहमीच्या निम्मा.

"तवा बी तुह्यानं नोतं झालं, बाई."

मग बहीण रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं. आई तिला गप्प कर म्हणाली नाही. मीही पाना हातात धरून तिथंच बसलो, नट कधीच आवळून झाले होते तरी. रडता रडता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "माय, हललं." आईनं तिचा हात घेतला की तिनं आईचा, ते मला दिसलं नाही.

मुलगी झाली ती पावणेदोन महिन्यांनी, वाशीमला, सुखरूप. हे इथंच सांगून टाकतो. जीव टांगणीला लावायचा तेवढा आम्ही त्या दिवशी लावला होता, वाचणाऱ्यानं पुन्हा लावू नये.

निघायची वेळ झाली तेव्हा मी मागचं दार उघडून धरलं. बहीण आली, दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"पुढं बस," आई म्हणाली. "तिथं बरं वाटते ना तुले."

ती पुढं बसली. पाठ टेकली, पाय सोडले, दोन्ही हात मांडीवर टाकले आणि सगळं अंग सीटवर सोडून दिलं. गाडी डावीकडं झुकली तशी मला पुन्हा धडकी भरली. पहिलं उजवं वळण आलं. मी हळूच स्टिअरिंग फिरवलं. आवाज आला नाही. तिला सांगावं म्हणून बाजूला पाहिलं, तर ती झोपली होती.